कर्ता कोठे गेला?

इंग्रजी व्याकरणाचा जो भाग आमच्या मुलांस सर्वांत अधिक घोकावा लागतो आणि ज्याचे प्रयोजन त्यांस सर्वांत कमी कळते, तो ‘पॅसिव्ह व्हॉइस’ हा होय. कर्त्याला उचलून वाक्याच्या शेपटीस बांधावे, कर्माला ओढून तोंडाशी आणावे, मध्ये ‘टू बी’ या क्रियापदाचे काळास शोभेल ते रूप घालावे, मूळ क्रियापदाचे तिसरे रूप त्यास जोडावे आणि ‘बाय’ हा शब्द चिकटवून मोकळे व्हावे. इतके केले की गुण पदरात पडला. ‘राम एट अ मँगो’ याचे ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ झाले. आंबा तोच, राम तोच, खाणेही तेच. मग ही उलथापालथ केली कशासाठी, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारलाच, तर त्यास ‘परीक्षेत येते म्हणून’ याहून निराळे उत्तर मिळण्याचा संभव फार थोडा. ज्या गोष्टीचे कारण शिक्षकासच सांगता येत नाही, ती गोष्ट विद्यार्थ्याच्या डोक्यात टिकावी कशी?

ही तक्रार केवळ पंतोजींपुरती असती तर तीस आम्ही या जागेवर स्थान दिले नसते. पण हाच मुलगा पुढे दुकान चालवितो, बँकेत कर्ज मागावयास जातो, विम्याच्या कागदावर सही करतो, आणि त्याच्या हाती जे इंग्रजी कागद पडतात त्यांतील महत्त्वाची वाक्ये बहुधा याच रचनेत लिहिलेली असतात. ‘तुमचा अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ ‘शुल्क आकारले जाईल.’ शाळेत ज्यास आंब्याचे व रामाचे स्थलांतर तेवढे शिकविले, त्यास या कागदावर कोणता प्रश्न विचारावा हे सुचत नाही. आमच्या मते खरे नुकसान आहे ते येथे.

प्रथम व्याकरणाचा गोंधळ पाहू. इंग्रजीत ज्यास ‘सब्जेक्ट’ म्हणतात त्याचे मराठी आपण सरसकट ‘कर्ता’ असे करतो. साध्या वाक्यात ते खपून जाते. परंतु ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ या वाक्यात ‘सब्जेक्ट’ कोण? आंबा. म्हणजे कर्ता आंबा? ज्यास रामाने खाऊन टाकले तो कर्ता, आणि ज्याने खाल्ले तो कोणीच नव्हे! मुलगा गोंधळतो तो मंदबुद्धी आहे म्हणून नव्हे, तर त्यास चुकीचा शब्द दिला आहे म्हणून. आमच्या देशातील व्याकरणकारांनी हा घोटाळा कधी होऊ दिला नाही. पाणिनीच्या शास्त्रात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता; प्रयोग बदलला, विभक्ती बदलली, तरी त्याचे कर्तेपण ढळत नाही. तो प्रथमेत असो की तृतीयेत असो, करणारा तो करणाराच. इंग्रजीतील ‘सब्जेक्ट’ ही वाक्यातील एक जागा आहे. त्या जागेस आपण ‘उद्देश्य’ म्हणावे आणि ‘कर्ता’ हा शब्द जो खरोखर करतो त्याच्यासाठी राखावा. एवढा एक बदल पाठ्यपुस्तकांत झाला, तरी या प्रकरणातील निम्मा अंधार आपोआप नाहीसा होईल.

दुसरा गोंधळ याहून सूक्ष्म आहे. ‘पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग’ असे वर्गात बेधडक सांगतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. तेव्हापासून आजपर्यंत प्रयोगविचारावर आमच्या पंडितांनी जितकी शाई खर्चिली तितकी क्वचितच दुसऱ्या विषयावर खर्चिली असेल. तरीही शाळेत ही ढोबळ समजूत कायम आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग खरा. क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि पोळी असती तर ‘खाल्ली’ झाले असते. पण या वाक्यात राम मागे पडला आहे काय? मुळीच नाही. तो ठळकपणे पुढे उभा आहे. हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘राम एट अ मँगो’ असेच केले पाहिजे. उलट ‘रामाने रावणास मारले’ हा आमचा भावे प्रयोग. याचेही इंग्रजी तसेच सरळ होते. म्हणजे भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठी स्वभावतःच कर्मणीत किंवा भावेत बोलते आणि तरीही कर्त्याचा मान राखते. यांतील कर्मणी वाक्याला जो ‘पॅसिव्ह’ समजेल, त्याचे प्रत्येक भाषांतर वाकडे जाणार यात नवल ते काय?

इंग्रजीच्या खऱ्या जोडीस बसणारी रचना मराठीत आहे. तिला व्याकरणकारांनी ‘नवीन कर्मणी’ असे यथार्थ नाव दिले आहे. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हा तिचा ठरीव मासला. ‘नवीन’ या विशेषणातच तिचा इतिहास आला. ती इंग्रजीच्या वळणावर वाढली आणि घरात अद्याप परकीच आहे. ‘माझ्याकडून चहा प्याला गेला’ असे कोणी गृहस्थ पत्नीस सांगू लागला, तर ती वैद्यास बोलावील! गंमत अशी की जुनी, अस्सल मराठी कर्मणी रूपे आपण रोज उच्चारतो आणि ओळखत नाही. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ याचे, आणि ‘म्हणजे’ हे ‘म्हणणे’ याचे जुने कर्मणी रूप होय. प्राचीन कवितेतील ‘करिजे’, ‘बोलिजे’ यांची ही भावंडे. म्हणूनच आपण ‘मी पुस्तके पाहिजे’ असे न म्हणता ‘मला पुस्तके पाहिजेत’ असे म्हणतो. क्रियापद पुस्तकांच्या तंत्राने चालते, मागणाऱ्याच्या नव्हे. ज्या मुलाच्या तोंडी हे रूप दिवसातून पन्नास वेळा येते, त्यास कर्मणी म्हणजे काहीतरी विलायती चमत्कार आहे असे भासविणे हा त्याच्या मातृभाषेचा अवमान आहे.

आता, इंग्रजास ही रचना लागते तरी कशाला? याचे कारण त्या भाषेच्या ठेवणीत आहे. मराठीत शब्दांना विभक्तीचे प्रत्यय असल्यामुळे ते वाक्यात कोठेही बसू शकतात. ‘कुत्र्याने मुलाला चावा घेतला’ आणि ‘मुलाला कुत्र्याने चावा घेतला’ यांत कोण चावला याविषयी संशय राहत नाही. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे त्यास आपण खुशाल आरंभी आणतो. इंग्रजीत ती सोय नाही. तेथे जागा हाच प्रत्यय. ‘डॉग’ व ‘बॉय’ यांची जागा बदलली की मुलगा कुत्र्यास चावतो! तेव्हा बोलणे मुलाविषयी चालले असेल आणि मुलास आरंभी ठेवावयाचे असेल, तर इंग्रजास क्रियापदाचीच बैठक बदलावी लागते. ‘द बॉय वॉज बिटन बाय अ डॉग.’ आंब्याच्या स्थलांतराचे कारण हे. ते एका सुट्या वाक्यात कधीच दिसणार नाही. त्यास मागचेपुढचे वाक्य पाहिजे. लोकमान्य टिळकांविषयी चार ओळी लिहिताना ‘ही वॉज सेन्टेन्स्ड इन १९०८’ असे लिहितात, कारण गोष्ट टिळकांची आहे. मंडालेची वाट दाखविणाऱ्या न्यायाधीशाचे नाव तेथे गौण. आपण हेच मराठीत ‘त्यांस शिक्षा झाली’ असे म्हणतो आणि प्रयोगाच्या भानगडीत पडतच नाही.

अशी जाण दिली म्हणजे बारीकसारीक चुकाही समजावून सांगता येतात. ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ असे आपली मुले लिहितात; त्यांस सांगावे की ‘घडणे’ व ‘मरणे’ यांना कर्मच नाही, मग पुढे आणणार कोणास? ‘रामाने सुरीने आंबा कापला’ यातील दोन्ही ‘ने’ मराठीत एकसारखे दिसतात. म्हणून रामापुढे ‘बाय’ लावणारा मुलगा सुरीपुढेही तोच लावतो, आणि सुरी आपण होऊन चालू लागते. तेथे ‘विथ’ पाहिजे, कारण सुरी हे करण आहे, कर्ता नव्हे. षट्कारकांचे ज्ञान येथे उपयोगी पडते. ‘मी केस कापले’ असे आपण न्हाव्याच्या दुकानातून परतल्यावर म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केल्यास न्हाव्याची मजुरी बुडते, म्हणून तेथे ‘आय हॅड माय हेअर कट’. आणि ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ या रूपाने जी मुले घाबरतात त्यांस आम्ही एक समाधान देऊ इच्छितो. हे रूप खुद्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यापूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणत, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तिकडच्याच कित्येक व्याकरणपंडितांनी या नव्या रूपास ओबडधोबड म्हणून झोडपले. साहेबांच्या पंडितांस जे पचण्यास शंभर वर्षे लागली, ते आमच्या तालुक्याच्या शाळेतील मुलास एका आठवड्यात पचले नाही म्हणून छडी उगारण्याचे कारण नाही.

असो. व्याकरण येथवर पुरे. आता वकिलीकडे वळू. वर्गात ‘बाय राम’ हे शेपूट लावल्यावाचून गुण मिळत नाही, आणि व्यवहारातील इंग्रजीत बहुतेक ठिकाणी हे शेपूट नसतेच! ‘पॅसिव्ह’चे सर्वांत मोठे सामर्थ्य, आणि सर्वांत मोठा धोकाही, कर्त्याचे नाव न घेता वाक्य पुरे करता येणे हा आहे. तेच नेमके शाळेत शिकवीत नाहीत. कंपनी सरकारच्या व पुढे राणीच्या सरकारच्या दप्तरातून ‘आय अ‍ॅम डायरेक्टेड टू’ अशा आरंभाची पत्रे सुटत. मला आज्ञा झाली आहे, म्हणून मी कळवितो. आज्ञा कोणी केली? ते रयतेने विचारावयाचे नाही. साहेब गेला, झेंडा बदलला, पण दिल्लीच्या मंत्रालयांतील पत्रांचा हा मायना अद्याप जसाच्या तसा आहे. ‘पॅसिव्ह’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूत आहे. इस्पितळातील ‘पेशंट’ही त्याच धातूचा. तेव्हा अशा पत्रात करणारा अदृश्य असतो आणि सोसणारा तेवढा उरतो, हे नावाप्रमाणेच झाले म्हणावयाचे!

हे केवळ हिंदुस्थानातच चालते असे कोणी समजू नये. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ साली आपल्या कारकिर्दीचा शेवटचा वार्षिक संदेश काँग्रेसला पाठविला, त्यात चुका झाल्याचे मान्य केले ते याच रचनेत. आणि १९८७ साली अध्यक्ष रेगन यांनी इराणला विकलेल्या शस्त्रांच्या प्रकरणी बोलताना पुन्हा तीच वाट धरली. ‘मिस्टेक्स वेअर मेड.’ चुका केल्या गेल्या. कोणी केल्या? वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. नागरिकाच्या दृष्टीने मात्र अर्धेच.

आमचे व्यापारी बंधू हे वाचून गालात हसत असतील, तर त्यांनी आपले बिलबुक उघडून पाहावे. ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’ ही ओळ किती दुकानांच्या पावत्यांवर अद्याप छापलेली दिसते! ‘मी परत घेणार नाही’ असे तोंडावर म्हणावयास संकोच वाटतो. ‘परत घेतला जाणार नाही’ म्हटले की जणू तो सृष्टीचा नियमच झाला, दुकानदाराचा त्यात काही संबंध नाही. पण कायदा या भाषेस भुलत नाही. माल सदोष असता तो परत घेण्यास, आणि पावतीत लिहिलेल्या मुदतीत, व मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. छापील ओळीने ती जबाबदारी टळत नाही. गिऱ्हाईकांसही आमचे सांगणे आहे की ती ओळ वाचून मुकाट्याने घरी जाऊ नये.

करारनाम्यात तर ही रचना दुधारी आहे. समजा, पुण्याच्या एका व्यापाऱ्याने नागपुरास माल पाठविण्याचा करार केला आणि त्यात ‘द गुड्स शॅल बी इन्शुअर्ड’ असे कलम घातले. मालाचा विमा उतरविला जाईल. कोण उतरवील, विकणारा की घेणारा? हप्ता कोण भरील? दोघांनीही कलम वाचले, दोघांनीही मान डोलाविली, कारण प्रत्येकाने मनातल्या मनात दुसऱ्याचे नाव घातले. वाटेत ट्रक पेटला म्हणजे मग वकिलांची दिवाळी. आमच्या धंद्याच्या बरकतीचा विचार करता आम्ही हे गुपित फोडू नये. तरी सांगतो की करारातील प्रत्येक ‘शॅल बी’ खाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि जेथे करणाऱ्याचे नाव नाही तेथे ते घातल्यावाचून सही करू नये.

मग ही रचनाच हद्दपार करावी काय? बिहारात मोतीहारी येथे जन्मलेला प्रसिद्ध इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ साली राजकारण व इंग्रजी भाषा यांवर निबंध लिहून, कर्तरी चालत असेल तेथे ‘पॅसिव्ह’ वापरूच नये असा दंडक घातला. त्याच निबंधात त्याने स्वतः ती पुष्कळ ठिकाणी वापरली आहे, हा भाग वेगळा. आम्हांस हा दंडक मान्य नाही. रसायनशाळेत द्रव तापविला गेला एवढेच महत्त्वाचे. कोणत्या गड्याने तापविला ते नव्हे. आणि कर्त्याचे नाव गाळल्याने कधी कधी दुबळ्याचे रक्षणही होते, याचे सर्वांत थोर उदाहरण आमच्याच राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २१ प्रमाणे कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचेही जीवित व स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही. हिरावून घेणाऱ्याचे नाव तेथे घातले असते, तर इतरांस पळवाट मिळाली असती. अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यता ‘इज अबॉलिश्ड’, नष्ट करण्यात आली आहे, इतकेच म्हटले आहे. कोणी नष्ट केली? त्याचे उत्तर त्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात, उद्देशिकेत, आहे. तेथे कर्ता लपलेला नाही. आम्ही भारताचे लोक, असे म्हणून तो उघड्यावर उभा आहे आणि क्रियापदही कर्तरी आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी एकदा कर्त्याने आपले नाव असे सांगितल्यामुळे पुढील शेकडो ‘इज’ व ‘शॅल बी’ यांस धनी मिळाला. तरीही नुसत्या कर्मणी वाक्याने गावातील विहीर खुली होत नाही, म्हणून संसदेस १९५५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला; आणि त्यातील अपराधांची कलमे सुरू होतात ती ‘हूएव्हर’ या शब्दाने. जो कोणी अडवील, तो. अडविणारा आता वाक्याच्या दारातच पकडला गेला. १८६० च्या दंडसंहितेचा साचाही हाच होता, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो तसाच आहे. अपराध करणारा कर्तरीत, शिक्षा कर्मणीत.

आता मराठीच्या अंगणात थोडे पाहिले पाहिजे, नाहीतर सर्व दोष इंग्रजीचा ठरावयाचा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने राज्याचा कारभार मराठीत आणण्याचा मार्ग खुला केला, ही आनंदाची गोष्ट झाली. पण कचेरीने इंग्रजी टाकताना तिची ही सवय मात्र बरोबर आणली. ‘कळविण्यात येते की’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, ‘नोंद घेण्यात यावी’. आपल्या भाषेस लपवाछपवी मुळीच ठाऊक नव्हती असेही नाही. पाटी फोडलेले पोर ‘पाटी फुटली’ म्हणते, कारकून ‘फाइल हरवली’ म्हणतो, मुनीम ‘हिशेब राहिला’ म्हणतो. अकर्मक क्रियापदाच्या आडोशाने काम भागते. ‘करण्यात येईल’ ने त्या आडोशाला सरकारी शिक्का मिळाला इतकेच. अलीकडील काही कायदे उलट दिशेने चालले आहेत हे मान्य केले पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम सांगतो की अर्ज नाकारला तर कारण द्यावे आणि अपील कोणाकडे करावयाचे तेही कळवावे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी व मुदत ठरविण्याची सक्ती केली आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, गाळलेला कर्ता परत घालण्याचेच हे प्रयत्न होत.

काही नवे शिक्षणपंडित म्हणतात की व्याकरण शिकवूच नका, मुले ऐकून ऐकून भाषा शिकतील. ज्यांच्या घरी आईबाप, पाहुणे आणि नोकरचाकरही इंग्रजी बोलतात त्यांची मुले खुशाल ऐकून शिकोत. २००० सालापासून महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. परंतु बाजारपेठेच्या गावातील किराणा दुकानदाराच्या मुलीस ती भाषा ऐकावयास मिळते ती वर्गाच्या चार भिंतींत, आणि तेथेही किती? तिला नियमच वाट दाखवितो. मात्र तो जिवंत करून दिला पाहिजे. आठ काळांचा तक्ता एकदा समजावून द्यावा व भिंतीवर टांगावा. पाठ करण्यात महिना घालवू नये. त्याऐवजी मुलांकडून खरे कागद गोळा करवावे. विजेचे देयक, रेल्वेच्या तिकिटामागील सूचना, बँकेचा संदेश, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, बापाच्या दुकानातील पावती. प्रत्येकातील ‘पॅसिव्ह’ वाक्य वहीत उतरून घ्यावे आणि शेजारी तीन रकाने आखावे: कर्ता कोण, तो का गाळला, घातल्यास वाक्य कसे होईल. कागदावरून कर्ता सापडत नसेल तर त्या रकान्यात तसे स्पष्ट लिहावे, आणि तो कोणास विचारल्यास कळेल तेही लिहावे. तोच कागद मग मराठीत उतरवावा. त्यात ‘द्वारे’ आणि ‘करण्यात येते’ यांस बंदी असावी. परीक्षकांनी ‘बाय’ विसरल्याबद्दल गुण कापण्याचे सोडून या तिसऱ्या रकान्याला गुण द्यावे. याला नवे पुस्तक लागत नाही, की वरून आज्ञा येण्याची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील तेव्हा कोणत्याही शिक्षकास हे सुरू करता येईल.